मशीनचे तोंड धुणे

माझे दुकान चंद्रपुरात, मोटरपंप आणि फवारणी पंप दुरुस्तीचे. धंदा हंगामी आहे. पिकाला पाणी हवे असते तेव्हा मला जेवायला वेळ नसतो, आणि पाऊस एकदा नीट लागला की दुकानात मी, एखादे पुस्तक आणि समोरच्या पानठेल्यावरचा रेडिओ एवढेच उरतो. अशा रिकाम्या महिन्यांत मला जुन्या चेनसॉ जमवायचा नाद लागला. लोक जुनी नाणी जमवतात, दिवे जमवतात, मेलेल्या राजांच्या तलवारी जमवतात. त्यांना संग्राहक म्हणतात आणि वर्षातून एकदा वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो. मी झाडे पाडायची यंत्रे जमवली, म्हणून घरात मला भंगारवाला म्हणतात. "लोहा घर में और आदमी दुकान में," बायको म्हणायची, "होना तो उल्टा था."

परदेशात या नादाची पुष्कळ माणसे आहेत. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ बघतो. त्यांचे कारखाने आमच्या सरकारी दवाखान्यापेक्षा स्वच्छ असतात, प्रत्येक पान्याची भिंतीवर ठरलेली जागा असते आणि हवा तो भाग टपालाने घरी येतो. माझ्याकडे डायफ्राम हवा असेल तर तो मी फवारणी पंपाच्या रबरातून कापतो. ठिणगी पाडणारे पॉइंट जुन्या स्कूटरचे बसवतो. रिंगा नागपूरचा एक लेथवाला करून देतो, आणि दर वेळी हे शेवटचे म्हणतो.

चंद्रपूर आणि शेजारचा अहेरीकडचा, या आमच्या दोन जिल्ह्यांत या मशीन फार नव्हत्या. इथले जंगल बहुतेक कुऱ्हाडीने आणि दोन माणसांनी ओढायच्या आऱ्यानेच कापले गेले. मधल्या एका काळात वनखात्याच्या कोणा साहेबाला यंत्राची हौस आली, काही परदेशी मशीन आल्या, त्यांच्यापुढे फुले वाहून फोटो काढले गेले आणि साहेबाची बदली झाली. मग त्या मशीन डेपोच्या कोपऱ्यात पडल्या आणि भंगाराच्या लिलावात निघाल्या. मी शोधायचो त्या याच. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या राइस मिलच्या माळ्यावर. जवळपास प्रत्येक मशीनमध्ये उंदरांनी घर केलेले असे.

सगळ्यांत मोठी मला गोंडपिपरीकडे मिळाली, एका मेलेल्या लाकूड कंत्राटदाराच्या धानाच्या कोठ्यात. नातवाचा पंप दुरुस्त करून दिला, त्याने हे धूड दिले आणि वरून सुटकेचा श्वास सोडला. मशीन दोन माणसांची होती. एकाने इंजिनाकडून धरायची, आणि चेन जिच्यावरून फिरते त्या लांबलचक पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक हँडल असते ते दुसऱ्याने. हे टोकाचे हँडल नव्हते. बाकी इंजिन अडकलेले नव्हते, आणि टाकीच्या जाड कडेवर खात्याच्या हातोड्याची खूण होती. जंगलातल्या लाकडावर मारायचा तो हातोडा. डेपोतले लोक त्या काळी हातात हातोडा असला की दिसेल त्यावर मारत. पाण्याच्या पिंपावर आणि चौकीदाराच्या बाजेच्या पायावरही मी ती खूण पाहिली आहे. मशीनवरची खूण मातीने बुजली होती. मी ती सुईने कोरून साफ केली, ब्रासोने घासली, आणि सगळ्या मशीनवर तेवढीच जागा आरशासारखी चमकवली. मला ती फार आवडली होती.

हँडलची चौकशी करता करता एका भंगारवाल्याने सांगितले की अहेरीच्या रस्त्याला जंगलाला लागून एक गाव आहे, तिथे एक म्हातारा आहे, तो असल्या मशीनवर होता. मशीनचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन मी गेलो.

गावात त्या म्हाताऱ्याला भाऊ म्हणत. भाऊ खाटेवर बसून बिडी ओढत होते. पंचाहत्तरीचे असावेत. थोडे धान, दोन बैल, अंगणात तुरीच्या काड्यांचा भारा. बोटे पांढरी पडलेली, जणू पिठात बुडवून काढली आहेत. मशीनच्या थरथरीने बोटांत रक्त जायचे बंद होते, थंडीत जास्त. शर्टाची गुंडी त्यांना लावता येत नाही, आणि बिडी बोटापर्यंत जळत आली तरी कळत नाही, भाजल्याचा वास आल्यावर टाकतात. मी फोटो पुढे केला. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला.

"हे कुठी सापडली तुले?"

"गोंडपिपरीकडं. धानाच्या कोठ्यात."

"जिती हाय का?"

"इंजिन फिरते. बाकी खोलून पाहावं लागन. टोकाचं हँडल नाई."

"काय?" त्यांनी उजवा कान पुढे केला.

मी ओरडून सांगितले. ते उठले आणि गोठ्यात गेले. गोठ्याच्या खांबाला एक ॲल्युमिनियमचे हँडल ठोकले होते आणि त्याला बैलाचे दावे अडकवले होते. इतक्या वर्षांत दोरीने घासून त्याला एका बाजूने खाच पडली होती.

"हे त्याचं हाय," भाऊ म्हणाले.

तो म्हणजे त्यांचा जोडीदार, एटापल्लीकडचा एक माडिया आदिवासी गडी. इंजिनाकडून भाऊ आणि टोकाला तो, असे दोघांनी बरीच वर्षे काम केले. खात्याने मशीन बंद केली त्या दिवशी त्याने हँडल खोलून घरी नेले. का नेले ते त्याने सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. नंतर तो तापाने गेला तेव्हा त्याच्या बायकोने ते भाऊंकडे आणून दिले.

"घेऊन जाय," भाऊ म्हणाले. "पन एक हाय. सुरू झाली का पहिला काप मी मारन. आन तुह्या दुकानात नाई. इथी."

"इथी काऊन?"

"तिचं तोंड धुवावं लागते न बाप्पा."

मला समजावून सांगायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण त्यांच्या मते ही गोष्ट समजावून सांगायची नव्हतीच. कूपात, म्हणजे त्या वर्षी तोडायला नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, मशीन सकाळी सुरू केली की ती थेट उभ्या झाडाला लावायची नाही. आधी आपोआप पडलेल्या, मेलेल्या लाकडावर एक पूर्ण काप मारायचा. याला ते तोंड धुणे म्हणत. जोडीदाराचे म्हणणे होते की उभ्या झाडात पेन असते, देव असतो, त्याच्याकडे उष्ट्या तोंडाने जायचे नाही. म्हणून तो लाकडावर मोहाच्या दारूचे चार थेंबही शिंपडायचा. इंजिन तापून तेल चेनपर्यंत पोचायला एवढाच वेळ लागतो हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. दोन्ही म्हणणी एकाच कामाकडे जात होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

"बिना तोंड धुता तू तरी दुकान खोलते का गा?" भाऊ म्हणाले. "इतकी वर्षं झोपून राह्यली ते. आन मिस्त्री, लवकर कर. डावा कान मशीननंच खाल्ला. उजवा हाय अजून थोडासाक. तो हाय तोवर कर."

चंद्रपूरच्या डॉक्टरने त्यांना सांगितले होते की उजवाही फार दिवस राहणार नाही. कानात घालायचे यंत्र त्यांना सुचवले होते. ते म्हणाले, एका यंत्राने कान नेला, दुसऱ्याने परत येईल असे मला वाटत नाही. हातांच्या बोटांवरही डॉक्टरकडे इलाज नव्हता. मला काम ठरवून मिळाले होते: उजवा कान जायच्या आधी ही मशीन बोलली पाहिजे.

त्या हिवाळ्यात ती बोलली. मधला तपशील मी सांगत नाही. माझ्या घरात तो ऐकायला कोणी तयार नाही, तर वाचणाऱ्यावर का लादू. पिस्टन स्वच्छ केला, रिंगा नव्या घातल्या, चेन नागपुरातून मागवली, टोकाला भाऊंनी दिलेले हँडल बसवले. दुकानात दोरी ओढून मी फक्त प्लगची ठिणगी पाहिली. पेट्रोल घातले नाही. भाऊंना शब्द दिला होता.

मग एका सकाळी टेम्पोत घालून मशीन गावात नेली. भाऊंच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वादळाने पडलेले एक ऐनाचे झाड वाळून पडले होते. झाड त्यांचे, शेत त्यांचे आणि झाड मेलेले. याहून निर्दोष काप मला सुचत नव्हता. अशी मशीन बाळगायला परवाना लागतो का, हे मी आधी विचारून पाहिले होते आणि प्रत्येक कार्यालयात वेगळे उत्तर मिळाले होते. त्यातले मला सोयीचे होते ते मी धरले. भाऊंनी धुतलेले धोतर नेसले होते. घरातल्या बाईंनी पेल्यात मोहाची दिली. ती त्यांनी लाकडावर शिंपडली, उरलेली प्यायली, आणि डोक्याला दुपट्टा बांधायला घेतला. बोटांनी गाठ बसेना. मी म्हटले तुम्ही गाठ मारा, तोवर मी इंजिन तापवतो.

बऱ्याच ओढींनंतर ती एकदम सुरू झाली. आजच्या मशीन किंचाळतात; ही खर्जात बोलली. धुराचा लोट माझ्या तोंडावर आला. शेजारच्या शेतातली माणसे धावत आली, बैल दाव्याला ओढू लागले. भाऊ दुपट्टा हातात धरून तसेच उभे होते. उजवा कान मशीनकडे केला होता आणि तोंड थोडे उघडे होते. मग ते पुढे झाले, इंजिनाचे हँडल धरले, आणि मी पट्टीच्या टोकाला गेलो.

तेवढ्यात मोटरसायकल आली. वनरक्षक पोरगा होता, सभ्य होता, त्याच भागातला.

"भाऊ, बंद करा न ते," तो ओरडला. "टॉवरवर साहेब हायेत आज. आवाज पार तिथवर गेला."

"मेलेलं लाकूड हाय," मी म्हणालो.

"मले दिसते. साहेबाले तिथून आवाज दिसला, लाकूड नाई दिसलं."

पाठोपाठ जीप आली. मी मशीन बंद केली. भाऊंनी हँडल सोडले नाही, ते आम्हाला सोडवून घ्यावे लागले. चेन लाकडाला लागलीच नव्हती. तीच मशीन चंद्रपुरात दुकानात चालवली असती तर शेजारच्या वेल्डिंगवाल्याशिवाय कोणी मान वळवली नसती. जंगलात तोंड धुवायचे म्हणून आम्ही तिला जंगलात नेले, आणि जंगलाने आवाज ऐकला.

कार्यालय कोणते ते सांगत नाही. आवारात नेहमीसारख्या जप्त बैलगाड्या होत्या, चाकांतून निवडुंग आलेला, आणि सायकलींचा एक ढीग. साहेब तरुण होते, स्पर्धा परीक्षेतून आलेले, टेबलावर दोन मोबाइल आणि वाघाचा लाकडी पुतळा. त्यांनी नाव विचारले. मी सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली.

"कुठपर्यंत जातो तुम्हा लोकांचा माल? हैदराबाद?"

"मी पंप दुरुस्त करतो साहेब."

"ते नाही विचारलं."

मला वाटले, माझ्याजवळ एक हुकमी गोष्ट आहे. मी मशीन फिरवली आणि टाकीवरची चमकवलेली खूण दाखवली. "ही तुमच्याच खात्याची आहे. खात्याच्याच कूपात चालायची. भंगारात निघाली होती, मी फक्त दुरुस्त केली."

साहेबांनी खूण पाहिली, मोबाइलने तिचा फोटो काढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

"म्हणजे शासकीय मालमत्ता."

"होती. लिलावात विकली."

"पावती?"

"ज्याने घेतली तो वारला."

"मग आधी एकच गोष्ट होती, आता दोन झाल्या," साहेब म्हणाले. "अनधिकृत करवत, आणि शासकीय मालमत्ता अवैध ताब्यात."

ब्रासो मीच लावला होता. खूण मातीत बुजलेली राहिली असती तर कुणाला दिसलीही नसती.

भाऊंनी मध्ये तोंड घातले. "साहेब, ह्याच मशीनीनं मी तुमच्या कूपातले झाडं पाडले. तुमच्यासारख्याच एका साहेबानं मले हार-नारळ देल्ला होता तवा."

"बाबा, तुम्ही यात साक्षीदार आहात की आरोपी?"

"व्हय," भाऊ म्हणाले. त्यांना ऐकू आले नव्हते. साहेबांनाही फरक पडला नाही.

आम्हाला समज देऊन सोडले. मशीन राहिली. मी वकिलाकडे गेलो तर त्याने सांगितले की खूण आहे तोवर ती परत मागणे म्हणजे चोरी कबूल करणे, तेव्हा गप्प बसा; आणि घरी बाकीच्या मशीन असतील तर त्या खोलून ठेवा, सुट्या भागांना कायदा मशीन म्हणत नाही. मी त्या सगळ्या खोलल्या. जमवायला जितकी वर्षे लागली, खोलायला तितके दिवसही लागले नाहीत.

पावसाळा मशीनने त्याच आवारात काढला, सायकलींच्या ढिगावर. मी अहेरीकडे कामाला गेलो की कुंपणातून बघायचो. प्लगच्या भोकात चमचाभर तेल सोडू द्या, नाहीतर आतून गंजेल, अशी मी एकदा विनंती केली. मुद्देमालाशी छेडछाड करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. पावसाला ती परवानगी होती. तिथून मी भाऊंकडे जायचो. ते दर वेळी विचारत, "देल्ली का?" मी नकाराची मान हलवायचो. दर वेळी मला थोडे जास्त जवळ जाऊन, जास्त मोठ्याने बोलावे लागे. टीव्ही त्यांनी बंदच केला होता. चित्र पाहायला काय, म्हणाले, खिडकी हाय.

दिवाळीनंतर कार्यालयातून फोन आला. आवाजात पहिल्यांदाच गोडवा होता.

"तुमची ती मशीन चालू करून द्याल का?"

"सरकारची," मी म्हणालो.

"हो हो. सरकारचीच."

खात्याचे नवे वन-जाणीव केंद्र तयार झाले होते. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. साहेबांच्या डोक्यातून कल्पना निघाली होती की पाहुण्यांनी तस्करांच्या मशीनने एका ओंडक्यावर 'अखेरचा काप' मारायचा, मशीन कायमची खाली ठेवायची आणि शेजारी रोप लावायचे. शाळेच्या मुलांना तो भीषण आवाज ऐकवायचा, म्हणजे त्यांच्या मनावर परिणाम होईल. हे ऐकवण्यासाठी मशीन चालायला हवी होती, आणि ती चालू करणारा दोन्ही जिल्ह्यांत तोच होता ज्याच्याकडून ती जप्त केली होती.

मी म्हटले, करून देतो, पण काप भाऊंना मारू द्या. साहेब म्हणाले, कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे.

तरी मी गेलो. कुंपणाबाहेर राहून ती सडताना बघण्यापेक्षा आत जाऊन हात लावलेला बरा, एवढाच हिशेब होता. मशीनला कोणीतरी लाल रंग फासला होता, खुणेवरसुद्धा. आतून मात्र ती वाटली तेवढी गेलेली नव्हती. पॉइंट घासले, सिलिंडरमध्ये तेल सोडले, कार्बोरेटर धुतला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून एक डबा भरला, कारण या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. नुसत्या पेट्रोलवर चालवले की पिस्टन तापून आतच चिकटतो. डबा जीपच्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिला आणि सांगितले, यातलेच टाकायचे. तो हो म्हणाला.

उद्घाटनाच्या दिवशी गावोगावचे लोक ट्रॅक्टरने आणले होते, खुर्च्या भरायला. भाऊ त्यांत होते. त्यांना माहीत होते मशीन तिथे आहे. मी सांगितले होते. मांडवावर फ्लेक्स होता, त्यावर आडवी फुली मारलेल्या करवतीचे चित्र, आणि चित्रापेक्षा मोठे पाहुण्यांचे तोंड. समोर सजवलेल्या दोन ठोकळ्यांवर ऐनाचा जाड ओंडका ठेवला होता, त्याला झेंडूची माळ. खाली मशीन, आणि तिच्याजवळ पाटी: 'तस्करांकडून हस्तगत करण्यात आलेली विदेशी बनावटीची यांत्रिक करवत.' शाळेची मुले सकाळपासून बसली होती. पाहुणे दुपारी आले. आधी रोपाचे भाषण झाले, मग वाघाचे, मग पाहुण्यांनी स्वतःच्या लहानपणच्या एका झाडाची आठवण सांगितली, जिचा जंगलाशी संबंध नव्हता.

मग त्यांनी वाकून मशीन उचलायला हात घातला. ती जमिनीवरून हलली नाही. त्यांनी हसून दुसरा हात लावला. इंजिनाचे टोक वर आले आणि पट्टीचे टोक साहेबांच्या बुटावर पडले. फोटोवाला थांबला. मांडवात पोरे खुसखुसू लागली.

वनरक्षक पोरगा साहेबांच्या कानाशी लागला. त्याने खुर्च्यांकडे बोट केले. साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले की आपल्यात एक असे आदिवासी बांधव आहेत ज्यांनी पूर्वी अज्ञानापोटी ही मशीन चालवली. भाऊ आदिवासी नव्हते. त्यांना काही ऐकूही आले नव्हते. पण सगळे आपल्याकडे बघत आहेत हे पाहून ते उठले, मशीनकडे पाहिले, आणि काय करायचे ते त्यांना कोणी सांगावे लागले नाही. चालता चालता त्यांनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला. या वेळी त्यांनी गाठ मारायचा प्रयत्न केला नाही, टोक नुसते आत खोचले. मला हनुवटीने खुणावले: टोकाला ये.

मी मशीनजवळ बसलो आणि टाकीचे झाकण तपासायला उघडले. आतले पेट्रोल पाण्यासारखे स्वच्छ होते. मी ड्रायव्हरकडे पाहिले.

"मी दिलेलं कुठी हाय?"

"ते गढूळ होतं न मिस्त्री," तो अभिमानाने म्हणाला. "मोठे पाहुणे हात लावनार म्हनून जीपमधलं ताजं टाकलं."

"आन ते?"

"फेकलं."

आजूबाजूला ऑइल कुठेच नव्हते. जीपच्या इंजिनातून काढायला वेळ लागला असता, आणि पाहुणे घड्याळ बघत होते. मी भाऊंच्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडलो, "ऑइल नाई टाकलं. चिकटन."

ते उघड्या टाकीवर वाकले होते. "वास आला मले," ते म्हणाले.

"मग?"

"ओढ दोरी."

मी नाही म्हणू शकलो असतो. मशीन माझ्या हातची होती, तिच्या आतली प्रत्येक रिंग मी बसवली होती, आणि ती मरणार हे मला ठाऊक होते. नाही म्हटले असते तर तिला आत काचेत ठेवले असते, लाल रंगात, आणि ती न चालता जिवंत राहिली असती. भाऊंचा कान राहिला नसता. मी दोरी ओढली. बऱ्याच ओढी लागल्या आणि मागे कोणीतरी हसले. मग ती सुरू झाली.

पुढच्या रांगेतल्या मुलांनी कान झाकले. साहेब खूश झाले. भाऊंनी मशीन ओंडक्यावर टेकवली आणि मी टोक धरले. चेनने झेंडूची माळ आधी कापली. पिवळ्या पाकळ्या आणि मग तांबूस भुसा माझ्या पायांवर उडू लागला. भाऊंची बोटे हँडलवर पांढरीफटक झाली होती, पण हात स्थिर होते. दाब कधी द्यायचा आणि कधी सोडायचा ते मला टोकाकडून कळत होते, मला फक्त मागे जायचे होते. जोडीदाराचे काम एवढेच असते हे मला तेव्हा कळले. भाऊंनी मान वाकडी करून उजवा कान इंजिनावर धरला होता. तोंड त्या दिवशीसारखेच उघडे होते.

आवाज चढत गेला. तो चढणे चांगले नसते. माझ्या हातातली थरथर कोरडी झाली, आणि मग एक कर्कश आवाज होऊन सगळे थांबले. चेन अर्ध्या ओंडक्यात उभी राहिली. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असल्याने मध्ये दबला आणि त्याने पट्टी पकडून धरली.

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी माइक घेतला. "पाहिलंत? करवत थांबली. जंगल जिंकलं." पुन्हा टाळ्या. फोटोवाल्याने त्यांना ओंडक्यावर एक हात ठेवायला सांगितले. गरम सायलेन्सरला त्यांचे मनगट लागले आणि पुढचे भाषण लहान झाले, हा त्या दिवसाचा एकच फायदा.

भाऊ अजून हँडल धरून उभे होते. मी जाऊन त्यांचा हात सोडवला. ट्रॅक्टरकडे जाताना त्यांनी विचारले, "बंद झाली का?"

मी मान हलवली.

"मले तं अजून ऐकू येऊन राह्यली," ते म्हणाले.

पट्टी ओंडक्यातून कोणाला काढता आली नाही. मी काढू शकलो असतो, पण मला कोणी बोलावले नाही. तिला तशीच ओंडक्यासकट केंद्रात ठेवले आहे. नवी पाटी लागली आहे, त्यावर पाहुण्यांचे नाव आहे आणि त्यांनी दिलेल्या अखेरच्या कापाचा उल्लेख आहे. शाळांच्या सहली येतात. शिक्षक मुलांना ओंडक्यावर बसून फोटो काढू देतात.

या उन्हाळ्यात भाऊ दवाखान्याच्या कामाने चंद्रपूरला आले होते, दुकानात आले. उजवा कान गेला आहे. भिंतीला टांगलेले सुटे भाग, सिलिंडर, पट्ट्या, दोरीची चाके त्यांनी एकेक करून पाहिली. एक सिलिंडर हातात घेतला, बोटांना जाणवत नाही म्हणून गालाला लावून पाहिला, आणि परत खिळ्याला टांगला.

"एखादी जोडतं का?" त्यांनी विचारले.

"कायले?"

त्यांना ओठांवरून समजले असावे.

"तोंड अर्धंच धुतलं न तिचं. पूरा काप झाला नाई."

मी मान हलवली. त्यांना नाही म्हणायला आता आवाज लागत नाही.